अकरा केव्हीखालची सीतेची वेणी

वायरमनला लोक नमस्कार करत नाहीत. थेट विचारतात, लाईट कधी येणार. लग्नात अक्षता टाकताना मला हे विचारलेलं आहे. माझ्या वडिलांच्या दहाव्याला घाटावर कावळ्याची वाट बघत उभा होतो, तर मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, सांत्वन करतोय. तो म्हणाला, विहिरीवरच्या मोटारीची लाईट दिवसा कधी होणार. त्यामुळं या अंकाच्या संपादकांनी फोन करून नोकरीतलं काहीतरी लिहा म्हटलं, तेव्हा मी सवयीनं आधी विचारलं, तुमच्याकडं लाईट आहे ना? आहे म्हणाले, म्हणून लिहायला बसलो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, वायरमन म्हणजे तारेचं काम. निम्मी नोकरी झाडांची असते. गावावरून जाते ती अकरा केव्हीची लाईन. तिला वरून रबर-बिबर काही नसतं, तार उघडीच. वाऱ्यानं ओली फांदी तिला टेकली की वीज झाडातून जमिनीत उतरते, तिकडं सबस्टेशनात खटका पडतो आणि लाईनीवरची सगळी गावं अंधारात जातात. गावं अंधारात गेली की फोन मला. म्हणून पावसाळ्याआधी लाईनीखालची झाडं छाटायची. आधी सबस्टेशनातून लाईन बंद करून घ्यायची. मग ती बंद झाली यावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. दोन्ही बाजूंना तारा जमिनीला जोडायच्या आणि मगच बांबूला बांधलेला कोयता वर घालायचा. विश्वास ठेवणारे वायरमनही मी पाहिले. त्यांच्या बायका आता त्यांच्या जागेवर नोकरीला आहेत.

झाड तोडायला गेलं की माणूस कळतो. कोल्हारला एकानं आमच्या पोलावरच दुधी भोपळ्याचा वेल चढवला होता. काढायला गेलो तर म्हणाला, तारेवरचे भोपळे तुमचे, खालचे माझे, मिटवून टाका. जामखेडला एका पिंपळाला कोयता लावायचा तर आधी नारळ फोडावा लागे. नारळ मी आणायचा, खोबरं ते वाटून घ्यायचे, आणि फांदी तोडली म्हणून पाप परत मलाच. एक वाक्य मात्र मी नोकरी केली त्या तिन्ही तालुक्यांत सारखं: "झाड आधीचं हाय, तुमची लाईन नंतरची." हे दरवेळी खरं असायचं. तरी तोडायचं झाडच.

पाथर्डीकडच्या ज्या गावाचं मी सांगतोय त्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांकडं माझा नंबर अजून आहे. तिथं एका दारातल्या कडुलिंबाखाली मला हेच वाक्य कोकणी हेल काढून ऐकायला मिळालं. बोलणारी बाई गुरुजींची बायको, गावाच्या काकू. गुरुजी याच गावचे, पण शाळेची नोकरी लागली ती वेंगुर्ल्याकडं. आमच्याकडचे कितीतरी मास्तर तिकडं जातात आणि बदलीचे अर्ज करता करता म्हातारे होतात. गुरुजींनी अर्जही केले आणि लग्नही तिकडंच करून टाकलं. शेवटी बदली झाली तेव्हा एसटीतून उतरले ते बायको, मुलगा, एक ट्रंक आणि नारळाच्या सोडणात गुंडाळलेलं एक झाड घेऊन.

त्या झाडाला काकू सीतेची वेणी म्हणायच्या. त्यांच्या माहेरी समुद्राकाठच्या रानात, झुडपांत, आंब्याच्या खोडांवर ते आपसूक येतं. जमिनीत लावायचं नाही, दुसऱ्या झाडाला नुसतं बांधायचं; इथं काकूंनी ते दारातल्या त्या कडुलिंबाला बांधलं होतं. पानं जाड, पट्ट्यासारखी, आणि मुळं बोटाएवढी, पांढरी, हवेत लोंबकळणारी. मे सरता सरता त्याला हातभर लांब, गजऱ्यासारखं गच्च फुलांचं लोंबणं सुटतं. निदान काकू तसं सांगत. इकडं आल्यापासून त्याला एकदाही फूल आलेलं नव्हतं.

आता आमच्या भागात झाडावर दुसरं काहीही उगवलं की त्याला बांडगूळ म्हणतात आणि दिसलं की उपटतात. बांडगूळ फांदीत मुळ्या घुसवतं आणि झाडाला खातं, हे शेंबडं पोरही सांगेल. काकू प्रत्येकाला समजावून सांगायच्या की हे तसलं नव्हे, हे फक्त सालीला धरून राहतं, लिंबाचं काही घेत नाही, हवेतल्या ओलीवर जगतं. यावर लोक विचारायचे, पाथर्डीत हवेत ओल कुठाय? त्यात काकू रोज घराच्या धाब्यावर चढून, गुडघे धरत, त्या झाडावर तांदूळ धुतलेलं पाणी शिंपडायच्या. ज्या गावात टँकर यायचा त्या गावात बाई बांडगुळाला पाणी घालते, याहून मोठी बातमी कुठली असणार!

ही बातमी चालवायचं काम साळूबाईकडं. साळूबाई समोरच्या घरची. सारा जन्म उसाच्या फडात गेला. आता गुडघे गेले म्हणून मुलं-सुना दसऱ्यानंतर कारखान्यावर जायची आणि ती शेळ्या घेऊन मागं राहायची. एका उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत ती सगळ्यांदेखत म्हणाली की आमच्या शेळ्या तहानलेल्या आणि मास्तरीन बांडगूळ पाजती. काकू म्हणाल्या, तुझ्या शेळ्यांनी माझी तुळस खाल्ली ती कोणत्या हिशेबात? तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. बोलत नव्हत्या म्हणजे एकमेकींच्या घरात पाऊल टाकत नव्हत्या. भांडण रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी रोज चालायचं, सकाळी झाडलोट करताना एकदा आणि दिवेलागणीला एकदा. मी बिल वसुलीला गेलो की दोघी मला मध्ये उभा करून माझ्यामार्फत भांडायच्या.

गुरुजी गेले तेव्हा मुलगा विनायक पुण्याहून आला आणि आईला म्हणाला, चल आता. त्याचं बरोबरच होतं. फ्लॅट मोठा, सून चांगली, इथं म्हातारी एकटी. काकूंनी सांगितलं, वेणी एकदा फुलू दे, मग येते. विनायक सरळ माणूस. त्यानं मान्य केलं आणि दर दिवाळीला येऊन झाडाकडं बघून जायचा. ही अट गावाला पाठ झालेली होती. बांडगूळ फुलायचं न्हाई आन् मास्तरीन जायची न्हाई, असं लोक म्हणायचे.

माझ्या निवृत्तीआधीच्या उन्हाळ्यात मी छाटणीची पाहणी करायला गेलो. लिंबाचा एक फाटा काकूंच्या धाब्यावर आला होता, त्यावरच ती वेणी, आणि त्याच फाट्याचा शेंडा तारेला भिडलेला. वळवाच्या वाऱ्यात लाईन दोनदा तिथंच बंद पडली होती. फाटा काढणं भागच होतं. मी तसं म्हटल्यावर काकू एकदम माहेरच्या बोलीवर गेल्या.

"झाडाक हात लावून तर बघ."

मग मला वर नेऊन दाखवलं. पानांच्या बेचक्यातून बोटभर हिरवा दांडा बाहेर आला होता, त्यावर मोहरीएवढ्या कळ्या. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच. मी अभिनंदन केलं. मी म्हटलं, आता गावाची तोंडं बंद होतील, आणि तुम्ही पुण्याला जायला मोकळ्या. त्या हो म्हणाल्या, पण चेहरा काही खुलला नाही. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

तोडगा मी काढला. शेंडा तेवढा छाटायचा, वेणीच्या पुढं हातभर फांदी ठेवायची. तारेला अंतर मिळत होतं आणि काकूंना वेणी. छाटणीच्या दिवशी काकूंची पाथर्डीला डोळ्यांच्या दवाखान्यात तारीख होती. मी म्हटलं, बिनधास्त जा, मी आहे.

माझ्याबरोबर ठेक्यावरचा नामदेव होता. भला माणूस, कोयत्याला हात असा की सांगितलेल्या खुणेच्या इकडं-तिकडं होणार नाही. मला तारा जमिनीला जोडायला पुढच्या पोलावर जायचं होतं. जाताना मी त्याला फांदीवरची खूण दाखवली आणि बजावलं, बाईंच्या फुलाला धक्का लागता कामा नये, फार जपलंय त्यांनी. नामदेव म्हणाला, काळजीच नको.

त्यानं खरंच काळजी घेतली. लिंबाखाली काकूंचे तेलाच्या डब्यांत लावलेले अबोली, शेवंती, मोगरा होते. नामदेवनं एकेक डबा उचलून ओट्यावर नेला, रांगेत लावला, वरून थोडं पाणीही घातलं. मग तारा जोडल्याचा माझा फोन आल्यावर झाडावर चढून खुणेवर शेंडा छाटला. उतरताना त्याला त्या फाट्यावर बांडगूळ दिसलं. आता आमच्या धंद्यात एक रीत आहे. दारातलं झाड छाटताना बांडगूळ दिसलं तर तेही काढून द्यायचं, फुकट. मालक खूश होतो आणि चहा होतो. नामदेवनं बांडगूळ एवढं घट्ट बसलेलं पाहिलं आणि झाडाची कीव येऊन त्याच्यासकट फांदीचा तुकडाच उतरवला.

मी परत आलो तेव्हा तो घाम पुसत ओट्यावर डब्यांशेजारी बसला होता. म्हणाला, "साहेब, फुलाला नख लागू दिलं न्हाई. वरून बांडगूळबी काढून दिलं. आता चहा व्हायला हरकत न्हाई."

मी वर पाहिलं, खाली पाहिलं. खाली एक पानही नव्हतं. उन्हाळ्यात लिंबाचा पाला म्हणजे शेळ्यांचं पक्वान्न. लाईनवाले छाटायला आले की बायका आधीच दोरी घेऊन उभ्या असतात. आमचा कोयता थांबायच्या आत रस्ता झाडल्यासारखा साफ. मी घरोघर फिरलो. प्रत्येकीनं सांगितलं, पाला नेला, शेळ्यांनी खाल्ला. साळूबाईनं तर मला कवाडाच्या आतही घेतलं नाही. त्या बाईचं माझ्या घरात काही नाही, म्हणाली. नामदेव माझ्यामागं फिरत होता. शेवटी त्यानं विचारलं, ते फूल हुतं व्हय? मी मान हलवली. रागावण्यासारखं त्यानं काही केलंच नव्हतं, हेच वाईट होतं.

काकू जीपमधून उतरल्या, एका डोळ्यावर पट्टी. एकाच डोळ्यानं त्यांनी फाटा बघितला. मला वाटलं, आता त्या माहेरच्या बोलीत माझा उद्धार करणार, आणि मी तो ऐकायला तयार होतो. त्या खाली बसल्या आणि नामदेवला म्हणाल्या, डबे छान लावलेस रे. मग आत गेल्या. पाणी शिंपडायचं फुलपात्र धाब्याच्या पायरीवर असायचं, ते त्यांनी धुऊन फळीवर पालथं घातलं. मला फार लागलं ते. नोकरीत मी शिव्या पुष्कळ खाल्ल्या, शिव्यांनी मला कधी इतकं लागलं नाही.

विनायकला कळलं. त्यानं फोनवर आईला समजावलं की आता वाट बघण्यासारखं काही उरलं नाही, मी रविवारी गाडी घेऊन येतो, सामान आणू. काकू म्हणाल्या, ये. गावात दुसऱ्या दिवशी सकाळी झाडलोट झाली, पण भांडण झालं नाही. साळूबाई रस्त्यापलीकडून दोन-तीनदा मोठ्यानं खाकरली. इकडं काकूंनी केर भरला आणि दार लोटलं.

रविवारच्या आदल्या दिवशी मला साळूबाईचा फोन आला. शेळ्यांच्या छपरातला दिवा लागत नाही, म्हणाली, आणि आत्ताच्या आत्ता या. मी शिडी घेऊन गेलो. बटण दाबलं, दिवा लागला. मी तिच्याकडं बघितलं. तिनं मागं बोट दाखवलं.

शेळ्यांना पाला घालायची आमच्याकडची पद्धत अशी की पेंढी बांधून आढ्याला टांगायची. शेळी मान वर करून खाते, पाला पायदळी जात नाही. तशी पेंढी तिथं टांगलेली होती, पाण्याच्या रांजणाच्या वर. शेळ्यांनी लिंबाचं पान न् पान ओरबाडून खाल्लं होतं आणि जाड पानांना तोंड लावलं नव्हतं. नागड्या काटक्यांच्या मधून सीतेची वेणी खाली सुटली होती. हातभर नाही, वीतभरच. पांढरट गुलाबी, एकेका फुलावर जांभळे ठिपके, इतकी गच्च की दांडा दिसत नव्हता. शेळ्यांच्या छपरात शेळ्यांचा वास असतो. तिथं त्या दिवशी दुसराच वास होता, गोडसर. काकू इतकी वर्षं खोटं बोलत नव्हत्या.

मी विचारलं, कधी फुललं? ती म्हणाली, झाले की दिवस. मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? साळूबाई रांजणाला टेकून खाली बसली.

"सांगितलं तरी ती जानार, न्हाई सांगितलं तरी जानार. फुललं तर जाते म्हनली हुती ना पोराला? मंग मी कशाला सांगू?" थोडा वेळ तिनं शेळीच्या पाठीवर हात फिरवला. "कारखाना सुरू झाला की आळीत मानूस ऱ्हात न्हाई, भाऊ. ती बी गेली तर मी भांडू कुनाशी?"

अशा वेळी काय बोलावं हे वायरमनला शिकवत नाहीत. मी चालू दिव्याचा होल्डर उगाच घट्ट केला. मग म्हटलं, साळूबाई, ती रोज धाब्यावर चढून बघायची, तिला एकदा दिसू तरी द्या. ती म्हणाली, तुमीच सांगा, मी तिच्या दारात पाय टाकनार न्हाई. मी म्हटलं, मी शिडी घेऊन आलोय, निरोप घेऊन नाही. ती उठली, पदर सारखा केला आणि रस्ता ओलांडून गेली. लिंबाखाली उभी राहून हाक मारलेली मला ऐकू आली.

"मास्तरीन, तुमचं बांडगूळ न्या. माझ्या शेळ्या खाईनात त्याला."

काकू आल्या. छपराच्या आत वाकून पाय टाकला आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. डोळ्याची पट्टी निघालेली होती. त्यांनी हात लावला नाही. नाक जवळ नेलं, परत मागं घेतलं, परत नेलं. रडल्या म्हणावं तर तसंही नाही, पण पदर दोनदा डोळ्यांकडं गेला. साळूबाई शेळ्यांना उगाच हाड-हाड करत होती. मग म्हणाली, नामदेवला बोलवा, काढून देईल, तुमच्या लिंबाला परत बांधू. काकू म्हणाल्या, फुललेलं हलवत नाहीत, गळतं.

"मंग आता?" साळूबाईनं विचारलं. "फुललं की. आता पुन्याला जावं लागनार तुमाला."

काकूंनी कंबर सरळ केली. बाहेर रस्त्यापलीकडं आपला लिंब बघितला, मग छपराच्या आढ्याकडं बघितलं.

"माझ्या दारात कुठं फुललंय?" त्या म्हणाल्या.

साळूबाईनं कोपऱ्यातलं पोतं घेतलं, झटकलं आणि काकूंना बसायला अंथरलं. काकू बसल्या. मला म्हणाल्या, विनायकला फोन लावून द्या. मी लावून दिला आणि शिडी आवरायला लागलो, पण बोलणं ऐकू येत होतं. त्या त्याला सांगत होत्या की उद्या येतोस तर जरूर ये, जेवायलाच ये, पण गाडी रिकामी परत न्यावी लागेल.